पोलादाचा वारसा : एका मुष्टियुद्धकथेची तीन रूपे

१. प्रश्नाचे स्वरूप

शॉन लेव्ही यांनी दिग्दर्शित केलेला ‘रिअल स्टील’ हा अमेरिकन चित्रपट ऑक्टोबर २०११ मध्ये प्रदर्शित झाला. माणसांचे मुष्टियुद्ध मागे पडून त्याची जागा यंत्रमानवांच्या मुष्टियुद्धाने घेतली आहे, अशा २०२० सालच्या कल्पित अमेरिकेत त्याचे कथानक घडते. संसाराकडे पाठ फिरविलेला एक बाप, आईच्या मृत्यूने पोरका झालेला त्याचा अकरा वर्षांचा मुलगा आणि भंगारात सापडलेला एक जुना यंत्रमानव, या तिघांची ती कथा होय. विज्ञानकथा, क्रीडाकथा आणि कुटुंबकथा असे तीन प्रवाह तिच्यात एकत्र आले आहेत. सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाला जगभर सुमारे ३० कोटी डॉलरांचे उत्पन्न झाले. लोकप्रियतेचा तेवढा पुरावा पुरेसा आहे.

हा चित्रपट ज्या मूळ कथेवर आधारलेला आहे ती रिचर्ड मॅथेसन या लेखकाची ‘स्टील’ ही कथा मे १९५६ मध्ये ‘द मॅगझिन ऑफ फॅंटसी अँड सायन्स फिक्शन’ या मासिकात प्रसिद्ध झाली. १९६३ साली तिचे दूरचित्रवाणीसाठी नाट्यरूपांतर झाले. म्हणजे एकाच कल्पनेची तीन रूपे पंचावन्न वर्षांच्या अवधीत आपल्यापुढे आहेत. त्यांची तुलना करू लागताच एक गोष्ट नजरेत भरते. मूळ कथेत मूल नाही, बाप नाही, घर नाही. तेथे आहेत दोन दरिद्री माणसे आणि त्यांचे मोडकळीस आलेले यंत्र. मग या कथेत कुटुंब आले कोठून? आणि ते आले तेव्हा त्याला जागा करून देण्यासाठी कथेतून कोणाला बाहेर जावे लागले?

हे दोन प्रश्न चित्रपटसमीक्षेच्या कक्षेतले वाटतील. तथापि त्यांच्या उत्तराची एक वाट ‘रोबोट’ या शब्दाच्या इतिहासातून जाते, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने त्यांत लक्ष घालणे अनुचित ठरू नये.

२. शब्दाचा जन्म

‘रोबोट’ हा शब्द आज जगातील बहुतेक भाषांत रूढ आहे. एखादा शब्द कोणी, केव्हा आणि कोठे घडविला हे निश्चितपणे सांगता येण्याचे प्रसंग विरळा. हा त्यांपैकी एक आहे. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्राग येथील राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला. कृत्रिम कामकरी निर्माण करणारा एक कारखाना हे त्या नाटकाचे स्थळ. या कामकऱ्यांना काय म्हणावे, हा लेखकापुढील प्रश्न होता. पुढे २४ डिसेंबर १९३३ च्या ‘लिदोवे नोविनी’ या वृत्तपत्रात चापेक यांनी स्वतःच खुलासा केला की, हा शब्द आपला नसून आपले थोरले बंधू योसेफ यांचा आहे. लॅटिन ‘लाबोर’ म्हणजे श्रम, त्यावरून ‘लाबोरी’ असे एक नाव कारेल यांना सुचले होते. पण ते त्यांना पुस्तकी वाटत होते. योसेफ चित्रकार होते. चित्र रंगविता रंगविता, तोंडात कुंचला धरूनच त्यांनी ‘रोबोट’ हे नाव सुचविले. एका भावाची अडचण दुसऱ्या भावाने दूर केली, आणि जगाला एक शब्द मिळाला.

योसेफ यांनी हा शब्द ‘रोबोता’ या चेक नामावरून घेतला. ‘रोबोता’ म्हणजे वेठ. कुळाने जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातून ठरावीक दिवस विनामोबदला राबावे, असा हा दंडक होता. सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने १७७५ साली बोहेमियापुरती त्याची कमाल मर्यादा आठवड्याला तीन दिवस अशी ठरवून दिली. पण ती प्रथा पूर्णपणे रद्द व्हावयास १८४८ साल उजाडावे लागले. चापेकबंधूंच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने हा शब्द फार जुना नव्हता. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने वेठ अनुभवली होती. तेव्हा ‘रोबोट’ हा शब्द कानावर पडताच त्या प्रेक्षकाच्या मनात यंत्र उभे राहत नसून वेठीस धरलेला माणूस उभा राहत असे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. चापेक यांच्या नाटकातील रोबोट धातूचे नाहीतही. ते रासायनिक प्रक्रियेने बनविलेले, दिसावयास हुबेहूब माणसासारखे जीव आहेत. धातूचा देह त्यांना पुढे इतरांनी दिला.

नाटकाचा शेवटही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रोबोट बंड करून मनुष्यजातीचा संहार करतात. आल्क्विस्ट नावाचा एकच माणूस जिवंत ठेवला जातो, आणि त्याचे कारण हे की, तो रोबोटांप्रमाणे स्वतःच्या हातांनी काम करतो. शेवटी प्रिमुस आणि हेलेना हे दोन रोबोट परस्परांसाठी मरावयास सिद्ध होतात. त्यांच्यात स्नेह उपजलेला पाहून आल्क्विस्ट त्यांना नव्या जगाचे पहिले दांपत्य म्हणून निरोप देतो. म्हणजे ‘रोबोट’ या शब्दाच्या पहिल्याच साहित्यिक उपयोगात श्रम आणि आप्तभाव हे दोन्ही विषय होते. हा योगायोग म्हणून सोडून देण्यापूर्वी शब्दाचे कूळ पाहणे अगत्याचे आहे.

३. शब्दाचे कूळ

‘रोबोता’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचे मूळ इंडो-युरोपीय रूप सामान्यतः ‘ओर्भ्’ असे मानले जाते. स्लाव्ह भाषांत आरंभीच्या ‘ओर्’चा वर्णविपर्यय होऊन ‘रो’ अथवा ‘रा’ झाला. वर्णांच्या अशा अदलाबदलीचा आपल्या ओळखीचा दाखला म्हणजे ‘वाराणसी’वरून झालेले ‘बनारस’. या विपर्ययातून प्राचीन स्लाव्हमध्ये दास या अर्थाचा ‘राब्’ हा शब्द मिळतो आणि चेकमध्ये ‘रोबोता’. परंतु त्याच चेकमध्ये ‘रोब्ये’ असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ तान्हे मूल असा आहे. रशियन भाषेतील बालकवाचक ‘रेब्योनोक’ हाही याच घराण्यातला.

स्लाव्ह भाषांच्या बाहेर पाहिले तर हे घराणे आणखी विस्तारते. जर्मन ‘आर्बाइट’ म्हणजे श्रम; जर्मनच ‘एर्ब’ म्हणजे वारसा. ग्रीक भाषेत मूळचा ‘भ्’ हा ‘फ्’ होतो. तेथे ‘ओर्फानोस’ म्हणजे पोरका. लॅटिन ‘ओर्बुस’ म्हणजे जिवलगांना मुकलेला. संस्कृतात मूळच्या ‘ओ’चा ‘अ’ होतो, आणि आपल्याला ‘अर्भ’ हे रूप मिळते. ऋग्वेदात ‘अर्भ’ आणि ‘अर्भक’ हे शब्द लहान, दुबळे या अर्थी आले आहेत. आजच्या मराठीत ‘अर्भक’ म्हणजे नुकते जन्मलेले मूल. बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलेल्या या व्युत्पत्तीनुसार ‘रोबोट’ आणि ‘अर्भक’ हे दूरचे का होईना, भाऊबंद ठरतात.

दास, मूल, पोरका, श्रम आणि वारसा हे पाच अर्थ एका धातूच्या पोटी कसे आले असतील? त्यांना जोडणारी परिस्थिती डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. ज्याचे आईबाप गेले ते मूल परक्या घरी जाते. तेथे त्याला दोन वेळा अन्न मिळते आणि त्याबदली त्याला राबावे लागते. बापामागे जे उरते तो वारसा. पण तो ज्याच्या हाती लागत नाही असा पोरका वारस दास होतो. हे समजण्यासाठी मराठी माणसाला परक्या भाषेकडे जाण्याचीही गरज नाही. ‘पोर’, ‘पोरका’ आणि ‘पोऱ्या’ हे आपले तीन शब्द शेजारी शेजारी मांडून पाहावेत. पोर म्हणजे मूल, पोरका म्हणजे आईबापांवाचून उरलेला, आणि पोऱ्या म्हणजे दुकानात किंवा खाणावळीत वरकाम करणारा मुलगा. जी वाट इंडो-युरोपीय धातूने हजारो वर्षांत आणि अनेक भाषांत मिळून चालली, ती मराठीत एका ओळीत दिसते.

शब्दाचा मूळ अर्थ पुढील वापरावर हुकमत चालवितो, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तसे मानणे शास्त्रीय होणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या सामाजिक परिस्थितीने हे अर्थ एकत्र आणले ती परिस्थिती कथाकारांना पुन्हा पुन्हा सापडते. मॅथेसन यांना त्यातील दास सापडला. २०११ च्या चित्रपटाला पोरका आणि वारस सापडले.

४. पहिली दोन रूपे : १९५६ आणि १९६३

मॅथेसन यांच्या कथेची घडण साधी आहे. माणसांच्या मुष्टियुद्धावर बंदी आली आहे आणि रिंगणात आता केवळ यंत्रे उतरतात. केली हा एके काळचा मुष्टियोद्धा. त्याला कोणीही कधी जमिनीवर पाडले नाही म्हणून त्याचे टोपणनाव ‘स्टील’, म्हणजे पोलाद. यावरून स्पष्ट होते की, कथेच्या शीर्षकातील पोलाद हे यंत्राचे नाव नसून माणसाचे आहे. केली आणि त्याचा कारागीर साथीदार पोल यांच्याजवळ ‘बॅटलिंग मॅक्सो’ नावाचा यंत्रयोद्धा आहे. तो ‘बी-दोन’ या जुन्या घडणीचा. त्याचा प्रतिस्पर्धी ‘बी-सात’ या नव्या घडणीचा. लढतीच्या ऐन तोंडावर मॅक्सोच्या हाताची स्प्रिंग तुटते. दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि लढल्यावाचून पैसे मिळावयाचे नाहीत. तेव्हा केली स्वतःच मॅक्सो बनून रिंगणात उतरतो. ही यंत्रे दिसावयास माणसासारखीच असल्यामुळे प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. पहिल्याच फेरीत केली बेदम मार खाऊन कोसळतो. एक फेरीसुद्धा टिकला नाही म्हणून त्याच्या हातावर ठरलेल्या रकमेच्या निम्मेच पैसे ठेवले जातात. त्या पैशांत मॅक्सोची दुरुस्ती कशी होईल, याचा विचार करण्यात कथा संपते.

या कथेचा विषय श्रमाचे मोल हा आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. यंत्राने माणसाचा धंदा काढून घेतला. आता यंत्र जगावे म्हणून माणूस स्वतःचा देह खर्ची घालतो. ‘रोबोता’ येथे उलटी झाली आहे, कारण वेठीस धरला गेला तो माणूस. कथा प्रसिद्ध झाल्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ साली, न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या एका कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. साच्यातून निघालेले धातूचे तप्त भाग उचलून ठेवणे हे त्याचे काम होते. मॅथेसन यांची कल्पना अशा रीतीने वर्तमानाच्या अगदी जवळ येऊन ठेपली.

दुसऱ्या बाजूने मुष्टियुद्धावरील बंदीची कल्पनाही जवळ येत होती. मार्च १९६२ मध्ये न्यूयॉर्क येथे एमिल ग्रिफिथ यांच्याशी झालेल्या लढतीत बेनी पॅरेट हे मूर्च्छित पडले आणि ३ एप्रिल रोजी त्यांचा मृत्यू झाला. ती लढत दूरचित्रवाणीवरून असंख्य घरांत पाहिली गेली होती. एका वर्षाच्या आत, मार्च १९६३ मध्ये, लॉस एंजेलिस येथील लढतीनंतर डेव्ही मूर हे मरण पावले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी या खेळावर बंदी घालण्याची मागणी केली. या पार्श्वभूमीवर ४ ऑक्टोबर १९६३ रोजी ‘ट्वायलाइट झोन’ या प्रसिद्ध मालिकेत ‘स्टील’ हा भाग दाखविण्यात आला. नाट्यरूपांतर स्वतः मॅथेसन यांचे होते. केलीची भूमिका ली मार्विन यांनी केली. या रूपात कथा १९७४ साली घडते आणि मुष्टियुद्ध १९६८ साली कायद्याने बंद झाल्याचे निवेदक सांगतो. पाच वर्षांपलीकडचे ते भविष्य त्या प्रेक्षकांना अशक्य कोटीतले वाटले नसावे.

या दोन्ही रूपांत यंत्र हे केवळ यंत्र आहे. त्याच्याविषयी केलीला माया वाटते खरी. पण ती शेतकऱ्याला बैलाविषयी वाटावी तशी, पोटाशी बांधलेली माया आहे.

५. मध्यंतरीचा दुवा : बाप, लेक आणि रिंगण

कुटुंबाचा विषय या कथेत आला तो दुसऱ्या परंपरेतून. अमेरिकन चित्रपटात मुष्टियुद्ध आणि बापलेकाचे नाते यांची सांगड १९३१ सालीच किंग व्हिडोर यांच्या ‘द चॅम्प’ या चित्रपटाने घातली होती. वॉलेस बीरी यांनी त्यात माजी विजेत्याची भूमिका केली आणि जॅकी कूपर या बालनटाने त्याच्या मुलाची. बाप दारूच्या आणि जुगाराच्या आहारी गेलेला आहे; मुलाची आई दुसऱ्या, श्रीमंत घरात नांदते आहे; मूल कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. शेवटी बाप मुलासाठी पुन्हा रिंगणात उतरतो, जिंकतो आणि मुलादेखत प्राण सोडतो. १९७९ साली फ्रांको झेफिरेली यांनी हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. मधल्या काळात, १९७६ साली, ‘रॉकी’ या चित्रपटाने आणखी एक संकेत रूढ केला. त्याचा नायक अखेरची लढत पंचांच्या गुणांवर हरतो. परंतु शेवटच्या फेरीपर्यंत पायांवर उभा राहिला, हाच त्याचा विजय ठरतो.

याच काळात लढणारे यंत्रमानव मुलांच्या हातीही आले. मार्क्स या अमेरिकन कंपनीने १९६४ साली बाजारात आणलेल्या एका खेळण्यात दोन यंत्रमानव चिमुकल्या रिंगणात परस्परांना ठोसे मारीत, आणि त्यांच्या कळा दोन मुलांच्या अंगठ्यांखाली असत. मॅथेसन यांच्या कथेतील यंत्र प्रौढांच्या पोटापाण्याचा विषय होता. आठच वर्षांत त्याच्यासारखे यंत्र मुलांच्या करमणुकीचा विषय झाले. या सर्व गोष्टींचा २०११ च्या चित्रपटाशी थेट कार्यकारणसंबंध जोडण्याची आवश्यकता नाही. त्या प्रेक्षकाच्या ओळखीच्या झाल्या होत्या, एवढे पुरेसे आहे.

६. तिसरे रूप : २०११

‘रिअल स्टील’ची पटकथा जॉन गॅटिन्स यांची. स्टीव्हन स्पीलबर्ग आणि रॉबर्ट झेमेकिस हे त्याच्या कार्यकारी निर्मात्यांपैकी होते. नायक चार्ली केंटन (ह्यू जॅकमन) हा माजी मुष्टियोद्धा गावोगावच्या जत्रांतून यंत्रमानवांच्या लढती लावीत आणि कर्ज चुकवीत फिरतो. मॅक्स (डकोटा गोयो) हा त्याचा मुलगा. त्याची आई वारल्यावर मावशी त्याचा सांभाळ करावयास पुढे येते. मावशीचा नवरा श्रीमंत आहे, हे हेरून चार्ली सौदा करतो. मुलावरील हक्क सोडण्याबद्दल एक लाख डॉलर, निम्मे आगाऊ. आणि ते दांपत्य परदेशी सहलीला गेले असता तीन महिने मुलाला सांभाळावयाचे. त्या आगाऊ पैशांतून तो एक यंत्रमानव विकत घेतो.

येथे क्षणभर थांबणे अवश्य आहे. बापाने मुलाच्या मोबदल्यात यंत्र घेतले. शब्दशः पाहता, अर्भक देऊन रोबोट घेतला. चित्रपटाचे पुढील सारे कथानक हा सौदा उलटा फिरविण्यासाठी आहे.

विकत घेतलेला यंत्रमानव पहिल्याच लढतीत मोडतो. त्यानंतर भंगाराच्या आवारात सुटे भाग धुंडाळीत असताना मॅक्स कड्यावरून घसरतो आणि मातीत गाडल्या गेलेल्या एका यंत्राच्या हाताला अडकून वाचतो. ते यंत्र म्हणजे ‘अ‍ॅटम’. तो २०१४ साली बनविलेला, दुसऱ्या पिढीचा, सरावापुरता यंत्रमानव आहे. त्याची घडण मार देण्यासाठी नसून मार खाण्यासाठी केलेली आहे. म्हणजे दासांमधलाही तो खालच्या पायरीवरचा दास. परंतु त्याच्यात एक गुण आहे. समोरच्या माणसाच्या हालचाली तो सावलीप्रमाणे गिरवितो. मॅक्स त्याला आपल्याबरोबर नाचावयास लावतो, चार्ली त्याला ठोसे मारावयास शिकवितो, आणि लढती जिंकीत जिंकीत तो ‘झ्यूस’ या अजिंक्य यंत्रमानवासमोर जाऊन उभा राहतो. दरम्यान जुन्या देणेकऱ्याची मारहाण सोसल्यावर, आपल्याजवळ मूल सुरक्षित नाही असे वाटून चार्ली मॅक्सला मावशीच्या स्वाधीन करतो. आणि मग पश्चात्ताप पावून अखेरच्या लढतीपुरती त्याची सोबत मागतो. लढत पाच फेऱ्या चालते. अ‍ॅटमची आवाज ओळखण्याची यंत्रणा निकामी होते, तेव्हा चार्ली रिंगणाच्या कडेला उभा राहून स्वतः ठोसे मारतो आणि आतील अ‍ॅटम ते गिरवितो. पंचांच्या गुणांवर झ्यूस जिंकतो. लोक मात्र अ‍ॅटमला डोक्यावर घेतात. ‘रॉकी’चा संकेत येथे उघड आहे.

आता तिन्ही रूपे शेजारी ठेवून नावांकडे पाहू. १९५६ च्या कथेतील यंत्राचे नाव मॅक्सो. २०११ च्या चित्रपटातील मुलाचे नाव मॅक्स. हा बदल योजून केला असो वा नसो, त्याचा परिणाम निःसंदिग्ध आहे. मूळ कथेत यंत्राचे जे नाव होते ते येथे मुलाला मिळाले, आणि यंत्राला मिळालेले ‘अ‍ॅटम’ हे नाव ‘ज्याचे तुकडे करता येत नाहीत ते’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. घराचे तुकडे झालेल्या मुलाच्या हाती हे नाव यावे, हे समर्पकच आहे. दोघेही टाकून दिलेले आहेत. पोरका मुलगा आणि पोरके यंत्र एकमेकांना सापडतात, आणि ‘ओर्भ्’ या धातूचे दोन वंशज एका चौकटीत उभे राहतात.

दुसरा बदल अदलाबदलीच्या दिशेचा. मॅथेसन यांच्या कथेत यंत्र मोडले म्हणून माणूस यंत्राच्या जागी उभा राहतो आणि मार खातो. चित्रपटात माणूस बाहेर उभा राहतो आणि त्याच्या जागी यंत्र मार खाते. ‘द चॅम्प’मधील बापाला मुलाच्या प्रेमाची किंमत प्राणांनी चुकवावी लागली होती. चार्लीच्या वाट्याचे ते मरण अ‍ॅटमने आपल्या अंगावर घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. विज्ञानकल्पनेने कुटुंबकथेसाठी केलेली ही खरी कामगिरी होय. यंत्र मध्ये आल्यामुळे बाप पुन्हा मुष्टियोद्धा होऊ शकला, मुलाने त्याला तसा पाहिले, आणि तरीही तो जिवंत घरी परतू शकला. बापाची कला मुलासमोर यंत्राच्या देहातून प्रकट झाली. वारसा म्हणतात तो हाच. जर्मन ‘एर्ब’चा अर्थ येथे साकार झाला.

७. मिळकत आणि मोल

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहावी लागते. कुटुंब कथेत आले तेव्हा तिच्यातून श्रमिक बाहेर गेला. केलीच्या कथेचा पेच असा होता की, उपजीविकेचे साधन गेलेल्या माणसाने जगावे कसे. चार्लीचाही धंदा यंत्रांनीच बुडविला आहे. पण चित्रपटात ती त्याची पूर्वपीठिका होऊन राहते. त्याचे दारिद्र्य हा त्याच्या स्वभावाचा दोष म्हणून दाखविला जातो. तो बेफिकीर आहे, उतावळा आहे, कर्जबुडव्या आहे, म्हणून तो दरिद्री आहे. आणि चांगला बाप होताच त्याचे दिवस पालटतात. केली नेकीने वागूनही निम्म्या पैशांचाच धनी झाला होता. १९५६ साली जो प्रश्न समाजाचा होता तो २०११ साली घराचा झाला, आणि घरातील प्रश्न मायेने सुटतो म्हणून प्रेक्षक समाधानाने उठला. अमेरिकेत २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतरची ती वर्षे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या समाधानाची गरजही कळते आणि त्याची मर्यादाही.

या दृष्टीने चित्रीकरणाची स्थळे बोलकी आहेत. चित्रपटाचे चित्रीकरण २०१० साली प्रामुख्याने मिशिगन राज्यात, डेट्रॉइट व आसपासच्या भागात झाले. त्या स्थळांत हायलंड पार्क येथील फोर्ड कंपनीचा जुना कारखानाही होता. याच कारखान्यात १९१३ साली मोटारीच्या जोडणीसाठी सरकत्या साखळीची पद्धत सुरू झाली, आणि तिच्या कंटाळवाण्या वेगामुळे कामगार टिकेनात म्हणून १९१४ साली दिवसाला पाच डॉलर हा त्या काळी दांडगा वाटणारा दर जाहीर करावा लागला. माणसाच्या श्रमाचे यंत्राच्या गतीशी लग्न जेथे लागले, त्या ओस पडलेल्या वास्तूत यंत्रमानवांच्या चित्रपटाचे चित्रीकरण व्हावे, यातील अर्थ चित्रपट स्वतः बोलून दाखवीत नाही. ती वास्तू त्याच्या लेखी निव्वळ नेपथ्य आहे.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. यंत्रमानवांच्या लढती रंगविण्यासाठी खऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या हालचाली विशिष्ट पोशाखांच्या व कॅमेऱ्यांच्या साहाय्याने टिपण्यात आल्या आणि संगणकाने त्यांवर धातूचे देह चढविले. माजी विश्वविजेते शुगर रे लेनर्ड हे या कामी सल्लागार होते. दृश्यपरिणामांसाठी या चित्रपटाला ऑस्कर पुरस्काराचे नामांकन मिळाले. म्हणजे अ‍ॅटमचा सावलीचा गुण ही निव्वळ कल्पना नव्हती. चित्रपट ज्या तंत्राने बनला तेच तंत्र कथानकात वेषांतर करून आले होते. आणि त्याचा दुसरा अर्थ असा की, यंत्राच्या आत शिरून लढणारा मॅथेसन यांचा केली २०११ सालीही होताच. फरक एवढाच की, १९५६ साली तो कथेचा नायक होता आणि २०११ साली तो यंत्राच्या कातडीआड गेला.

८. समारोप

प्रारंभीच्या दोन प्रश्नांची उत्तरे आता देता येतील. कथेत कुटुंब आले ते जुन्या मुष्टियुद्धपटांच्या वाटेने. आणि ते सहजपणे सामावले गेले, कारण पोरकेपण आणि दास्य यांचे शेजारपण मानवी अनुभवात फार जुने आहे. ‘रोबोट’ शब्दाचे कूळ ही त्या अनुभवाची भाषेत उरलेली खूण आहे. कथेतून बाहेर गेला तो राबणारा माणूस.

आपल्या भाषेपुरता एक विचार मांडून हा लेख संपवितो. मराठीने ‘रोबोट’साठी ‘यंत्रमानव’ हा शब्द स्वीकारला. तो सुबोध आहे आणि घडणीने निर्दोष आहे. मात्र त्याला यंत्र ठाऊक आहे, मानव ठाऊक आहे. वेठ ठाऊक नाही. वस्तुतः ‘रोबोता’चा नेमका प्रतिशब्द मराठीजवळ होता. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून प्राकृताच्या द्वारे आपल्याकडे आला, आणि त्याच्या जोडीचा ‘बिगार’ हा फारसीतून. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बिगारीस मनाई केली. इतकी ती चाल आपल्या निकटची होती. ‘यंत्रमानव’ या शब्दाच्या जागी दुसरा शब्द आणावा, अशी सूचना करण्याचा माझा हेतू नाही. रूढ शब्द बदलता येत नाहीत आणि बदलू नयेत. परंतु यंत्र कोणाच्या जागी राबते आणि त्याची जागा गेल्यावर तो कोठे जातो, हा प्रश्न ‘रोबोट’ शब्दाच्या पोटात १९२० पासून आहे. मराठी वाचकापुढे तो प्रश्न ‘यंत्रमानव’ हा शब्द स्वतः होऊन ठेवणार नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.